फाडफाड नको, वाक्य पूर्ण करा: नोकरीपुरतं इंग्रजी बोलायला कसं शिकायचं

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागून मला तेव्हा चार वर्षं झाली होती. ग्राहक कंपनीचं ऑडिट चालू होतं. ऑडिटरनं रिपोर्टवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, हा लॉट कुणी सोडला आणि कशाच्या जोरावर? उत्तर मला पाठ होतं. तो लॉट आधी मीच अडवला होता आणि फेरतपासणीनंतर मीच सोडला होता. तोंडातून निघालं, "सर, ॲक्च्युअली..." आणि पुढे शांतता. तीन-चार सेकंदांत शेजारी उभ्या साहेबांनी उत्तर देऊन टाकलं, तेही अर्धं चुकीचं. ऑडिटच्या मिनिट्समध्ये (लेखी नोंदीत) नाव त्यांचं आलं, आणि नंतर चूक दुरुस्त करायचं काम माझ्याकडे.

मी माण तालुक्यातला, जिल्हा परिषदेच्या शाळेतला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधीच्या आमच्या पिढीला एबीसीडी पाचवीत भेटली. सर एक ओळ वाचायचे, अर्थ सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. पाचवी ते दहावी आणि पुढे तीन वर्षं डिप्लोमा, एवढ्या काळात स्वतःहून बोललेलं इंग्रजी वाक्य एकच: "मे आय कम इन सर?" त्यालाही सर "ये" म्हणायचे.

म्हणजे इंग्रजी वाचून कळत होतं, ड्रॉइंग कळत होतं, मेल लिहिता येत होती. तोंडाला मात्र सवयच नव्हती. पुढच्या साधारण दहा महिन्यांत रोज वीस मिनिटं काढून ती लावून घेतली. कसं केलं, काय वाया गेलं आणि आता लाइनवरच्या पोरांना काय सांगतो, ते इथे मांडतोय.

आधी "फाडफाड" हा शब्द डोक्यातून काढा

आपल्याकडे इंग्रजीबद्दल दोनच निकाल असतात. एक तर "त्याला इंग्रजी येत नाही" किंवा मग "काय फाडफाड बोलतो!" मधलं काही नाहीच. त्यामुळे माणूस ठरवतो, बोलायचं तर सुसाट, नाहीतर गप्प. आणि गप्पच राहतो.

चाकण, रांजणगाव, सुपे या पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी कंपन्या आहेत. तिथून येणाऱ्या इंजिनिअरांचं इंग्रजी एकदा कान देऊन ऐका. हळू बोलतात, उच्चार त्यांच्या गावचे, 'अ' आणि 'द' जागच्या जागी नसतात. पण घेतलेलं वाक्य टोकाला नेतात. मध्येच सोडून "यू नो सर, दॅट थिंग..." करत नाहीत. म्हणूनच त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. ध्येय एवढंच ठेवा: सुरू केलेलं वाक्य पूर्ण करायचं.

येतं की नाही याऐवजी कोणत्या पायरीवर आहे, हे विचारणं जास्त कामाचं. युरोपच्या परिषदेनं २००१ साली भाषा येण्याच्या सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. बी१ला ओळखीच्या विषयावर काम भागतं. बी२ला समोरच्याला आणि आपल्याला ताण न येता संभाषण चालतं. आपल्यातले बरेच जण वाचण्यात बी१-बी२ आणि बोलण्यात ए२ असतात. तुमचा पाया घातलेला आहे, वरचा मजला राहिलाय.

पहिला आठवडा: काही शिकू नका, फक्त टिपून ठेवा

खिशातल्या डायरीत आठवडाभर एवढंच लिहा: आज इंग्रजीची गरज कुठे पडली आणि काय बोलता आलं नाही. जे बोलायचं होतं ते मराठीतच लिहा. माझ्या डायरीत आठवड्याअखेर प्रसंग निघाले जेमतेम नऊ. सकाळची प्रॉडक्शन मीटिंग, ग्राहकाचा तक्रारीचा कॉल, ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारा अहवाल) समजावून सांगणं, व्हेंडरला तारीख विचारणं, पाहुण्यांना लाइन दाखवणं, असे. सॉफ्टवेअरवाल्यांचा रोजचा स्टँड-अप तर तीनच प्रश्नांवर उभा असतो: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे. बँकेत, दवाखान्यात, हॉटेलात प्रसंग वेगळे, पण संख्या एवढीच.

हा आठवडा टाळू नका. "इंग्रजी शिकायचंय" म्हटलं की समोर समुद्र दिसतो. नऊ प्रसंग म्हटलं की विहीर दिसते, आणि विहिरीत पोहायला आपण सगळे शिकलोय.

त्याच आठवड्यात मोबाइलवर दोन मिनिटं स्वतःचं काम इंग्रजीत सांगून रेकॉर्ड करा, तारीख टाकून ठेवून द्या. ऐकू नका. ऐकलंत तर सोडून द्याल.

मराठी डोकं नेमकं कुठे अडतं

इथे जरा थांबू, कारण कुठल्याही क्लासमध्ये मला हे कुणी सांगितलं नव्हतं. हे वाक्य बघा (बोअर म्हणजे पीसमधलं गोल भोक):

"काल रात्रपाळीत आलेल्या लॉटमधले बारा पीस बोअर मोठा असल्यामुळे आम्ही बाजूला काढले."

मराठीत क्रियापद शेवटी. त्याआधी कधी, कुठले, किती, का, सगळं सामान भरता येतं. आपण बोलायला लागतो तेव्हा डोक्यात पहिलं येतं "काल रात्रपाळीत आलेल्या". तेच इंग्रजीत न्यायला गेलो की "यस्टर्डे नाइट शिफ्ट कमिंग लॉट..." आणि गाडी रुतली. शब्द सगळे माहीत असतात, फक्त ते दारातून उलट्या क्रमानं बाहेर पडायला बघतात.

इंग्रजीला आधी हवं कोण, लगेच काय केलं, मग बाकीचं. म्हणून वाक्य मराठीतच आधी फोडा. आम्ही काढले. काय? बारा पीस. का? बोअर मोठा होता. कुठले? काल रात्रीच्या लॉटमधले. आता इंग्रजी आपोआप पडतं: "वी रिजेक्टेड ट्वेल्व्ह पीसेस. द बोअर वॉज ओव्हरसाइज. दे केम इन लास्ट नाइट्स लॉट." तीन छोटी वाक्यं, तिन्ही पूर्ण. याला कुणी बाळबोध म्हणत नाही, ऑडिटमध्ये तर सगळ्यांना हेच आवडतं.

डायरीतली पाच मराठी वाक्यं रोज अशी फोडायची. पंधरा-वीस दिवसांत बोलतानाच डोकं आधी "कोण, काय केलं" शोधायला लागतं. माझ्या मते सगळ्या शिक्षणात हा एकच बदल खरा मोठा, बाकीचं त्याच्या मागून येतं.

दुसरी अडचण "मला"ची. मला वाटतं, मला माहीत आहे, मला यायचंय, मला ताप आलाय, मला कळलं नाही. या सगळ्या "मला"चं इंग्रजीत सरळ "आय" होतं: आय थिंक, आय नो, आय वॉन्ट टु कम, आय हॅव अ फीव्हर, आय डिडन्ट अंडरस्टँड. "मला"पाशी थबकायचं नाही, डोळे मिटून "आय" म्हणायचं आणि पुढचं क्रियापद शोधायचं.

तिसरी जरा गमतीची. मराठीत चूक कुणाचीच नसते. रिपोर्ट राहिला, फाइल हरवली, पाना पडला. फारच झालं तर "माझ्याकडून राहून गेलं". इंग्रजीत "रिपोर्ट रिमेन्ड" चालत नाही. "आय हॅव नॉट सेंट द रिपोर्ट येट," असं कबूल करावं लागतं, किंवा "आय मिस्ड इट". अगदीच जिवावर आलं तर "द रिपोर्ट इज पेंडिंग" आहेच, सरकारी कचेऱ्यांपासून आयटीपर्यंत सगळ्यांनी त्याचा आसरा घेतलाय.

आणि "पासून". "सोमवारपासून" म्हणजे "सिन्स मंडे", "तीन दिवसांपासून" म्हणजे "फॉर थ्री डेज". आपण दोन्हीकडे "फ्रॉम" लावतो. "आय ॲम वर्किंग हिअर फ्रॉम फाइव्ह इयर्स" याऐवजी "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स". हे वाक्य मुलाखतीत हमखास लागतं, म्हणून पाठच करून टाका. तसंच "डिस्कस अबाउट" मधला "अबाउट" उडवा, "ही टोल्ड दॅट" च्या जागी "ही टोल्ड मी दॅट" म्हणा, "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" चं "आय हॅव टू ब्रदर्स" करा. "प्रीपोन" किंवा "आउट ऑफ स्टेशन" यांची लाज बाळगायचं कारण नाही, भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी माणसासमोर मात्र टाळा, त्याला स्टेशन म्हणजे रेल्वेचंच वाटेल.

'अ' आणि 'द' कुठे लावायचे, यावर मी पहिले दोन महिने घालवले. वाया गेले. मराठीत ती गोष्टच नाही, त्यामुळे चुका होणार, आणि 'द' गाळला म्हणून कुणाची बढती अडल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. ते ऐकून-ऐकून येतं.

शब्द पाठ करू नका, वाक्यांची शिदोरी बांधा

मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी अशा सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली होती. ती चाळून बघा, दहावी झालेल्याला त्यातले बहुतेक शब्द ओळखीचे निघतात. तेव्हा "रोज दहा नवे शब्द" हा उद्योग बोलण्यासाठी फारसा कामाचा नाही. असलेले शब्द तोंडात खेळवायचे आहेत.

त्यासाठी प्रत्येक प्रसंगाची चार-पाच तयार वाक्यं हवीत. जशी बंद पडलेली गाडी ढकलून चालू करावी लागते, तशी ही वाक्यं पहिला धक्का देतात. माझ्या डायरीतली काही:

वेळ हवा असेल तर: "लेट मी थिंक फॉर अ सेकंद." किंवा "गुड क्वेश्चन. लेट मी चेक द डेटा."

कळलं नसेल तर: "सॉरी, आय मिस्ड द लास्ट पार्ट. कुड यू से इट अगेन, अ लिटल स्लोली?" हे म्हणायला लाजणारा माणूस नंतर चुकीचं काम करून बसतो, आणि ते जास्त महागात जातं.

नीट कळलंय का हे पडताळायला: "सो यू वॉन्ट द रिपोर्ट बाय फ्रायडे, राइट?" एवढ्या एका वाक्यानं माझे अर्धे घोळ थांबले.

माहीत नसेल तर: "आय डोन्ट हॅव द नंबर नाऊ. आय विल चेक अँड सेंड इट बाय फोर." वेळ सांगायचीच, नाहीतर ते टोलवल्यासारखं वाटतं.

पटलं नसेल तर: "आय सी युअर पॉइंट. माय कन्सर्न इज द डिलिव्हरी डेट."

मध्ये बोलायचं असेल तर: "कॅन आय ॲड समथिंग हिअर?"

एका गोष्टीची खबरदारी घ्या. मराठीत आदर क्रियापदात असतो. "फाइल द्या" म्हटलं की "द्या"मध्येच मान आला. इंग्रजी "गिव्ह मी द फाइल" मध्ये तो येत नाही, तो हुकूम होतो. आपला माणूस मनानं नम्र असतो आणि इंग्रजीत उर्मट वाटतो, ते यामुळे. तिथला मान "कुड" आणि "वुड"मध्ये असतो: "कुड यू सेंड मी द फाइल?" "वुड इट बी पॉसिबल टु शिफ्ट द कॉल?" आणि प्रत्येक वाक्यात दोनदा "सर" घालायची गरज नाही. परदेशी सहकारी नाव घेऊन हाक मारायला सांगतात तेव्हा ते मनापासून सांगत असतात. मला सवय व्हायला वर्ष गेलं.

रोजची वीस मिनिटं

मला जमलेली विभागणी अशी.

पहिली सात-आठ मिनिटं सावलीसारखं बोलणं. एखादा छोटा ऑडिओ लावायचा आणि बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागे त्याचंच वाक्य त्याच चालीत मोठ्यानं म्हणत जायचं. दुभाष्यांच्या प्रशिक्षणात हा सराव असतो. बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' हा कार्यक्रम यासाठी चांगला. वेग बेताचा, लांबी नावाप्रमाणे सहा मिनिटांच्या आसपास, आणि बोललेलं सगळं लिखित स्वरूपात साइटवर मिळतं. एकच भाग आठवडाभर घ्या. पहिल्या दिवशी जीभ अडखळते, पाचव्या दिवशी तीच जीभ मागेमागे धावते.

पुढची नऊ मिनिटं चार-तीन-दोन. कीथ मॉरिस यांनी १९८३ साली मांडलेली ही पद्धत पुढे पॉल नेशन या भाषातज्ज्ञानं १९८९ मध्ये तपासून पाहिली. एक विषय घ्यायचा आणि तो चार मिनिटांत सांगायचा. तोच विषय लगेच दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मूळ पद्धतीत दर वेळी नवा ऐकणारा असतो. मला कोण मिळणार? मी भिंतीला सांगायचो. कंपनीच्या बसमधून उतरून खोलीवर जाताना फोन कानाला लावूनही चालतं, लोकांना वाटतं कॉल चालू आहे. तिसऱ्या फेरीत नवं काही सुचवायचं नसतं, त्यामुळे सगळं लक्ष बोलण्याकडे जातं आणि "अ... अ..." गळून पडतं. विषय डायरीतलेच घ्या. "माय फेव्हरिट फेस्टिव्हल" वर बोलून प्रॉडक्शन मीटिंगमध्ये उपयोग होत नाही.

उरलेल्या तीन-चार मिनिटांत मोबाइलच्या कीबोर्डवरचं व्हॉइस टायपिंग इंग्रजी-भारत वर लावून डायरीतली वाक्यं बोला आणि ते काय लिहितं ते बघा. ते पुष्कळदा अंदाजानं दुरुस्त करून घेतं, त्यामुळे त्याला परीक्षक समजू नका. पण तुम्ही "शीट" म्हणायला गेलात आणि पडद्यावर भलतंच उमटलं, तर हे मीटिंगच्या आधीच कळलेलं बरं.

हसतील त्याचं काय? हसतील. मी पहिल्यांदा फोनवर इंग्रजीत बोललो तेव्हा आमच्या खोलीवरचे तिघे "लई फाडायला लागला की" म्हणून आठवडाभर मागे लागले होते. पुढे त्यातल्याच एकाला मुलाखत आली आणि तो रात्री अकरा वाजता डायरी मागायला आला. तोवर गच्ची, हेल्मेटच्या आतली जागा आणि रिकामी कॅन्टीन, सरावाला पुरतात.

उच्चार: गाव बदलू नका, जोर बदला

अमेरिकन किंवा ब्रिटिश चाल आणायच्या भानगडीत पडू नका. मराठी उच्चार मुळात स्पष्ट असतो. शब्दाच्या सुरुवातीची जोडाक्षरं आपल्याला जड जात नाहीत. स्नान, स्त्री, स्थळ म्हणणारी जीभ "इस्कूल" कशाला म्हणेल?

आपली अडचण वेगळी आहे. मराठीत आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत एका ठिकाणी ठोसा असतो, बाकीची पुसट होतात. ठोसा चुकला की ऐकणाऱ्याला शब्दच ओळखू येत नाही. रोजच्या कामातले तपासा: डेव्हलपमध्ये जोर "व्हे"वर, कॉम्पोनंटमध्ये "पो"वर, इक्विपमेंटमध्ये "क्विप"वर, मॅनेजरमध्ये "मॅ"वर. रेकॉर्ड हे नाम असेल तर जोर पहिल्या भागावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज, दोघांचेही ऑनलाइन शब्दकोश उच्चार ऐकवतात. नऊ प्रसंगांतले चाळीस-पन्नास शब्द एकदा ऐकून डायरीत जोराच्या जागी रेघ मारून ठेवली की झालं.

ध्वनींपैकी दोनच महत्त्वाचे. वेस्ट म्हणजे पश्चिम म्हणताना ओठ "ऊ"सारखे गोल, आणि बनियनचा व्हेस्ट म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर. लिहिताना आपण व आणि व्ह वेगळे लिहितोच, बोलताना तेवढं पाळायचं. दुसरा झेड. "जोर" मधला ज म्हणायला घ्या, पण जिभेचा शेंडा टेकवू नका, नुसती हवा घासत सोडा. साइज, झीरो, क्लोज यांचा उच्चार सुधारतो. क्रियापदांच्या शेवटचा "एड" दर वेळी "एड" नसतो हेही लक्षात ठेवा: चेक्ड म्हणजे "चेक्ट", पॅक्ड म्हणजे "पॅक्ट".

आकडे मात्र वेगळे घोटावे लागतात, कारण खरी नुकसानी तिथे होते. मराठीत आपण एकक आधी म्हणतो. त्रेपन्नमध्ये तीन आधी, पन्नास नंतर. घाईत त्रेपन्नचं "थर्टी-फाइव्ह" होतं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात तेवीसऐवजी "वीस तीन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद मीही फॉरवर्ड केले होते. पण कॉलवर एकदा ५३ पीसचे ३५ सांगून झाल्यापासून मी त्या विषयावर जरा गप्प असतो. फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ टाळायला "वन-फाइव्ह" आणि "फाइव्ह-झीरो" असे अंक सुटे सांगायचे. परदेशी माणसाशी पैशाचं बोलताना लाख-कोटी सोडायचे: १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन.

पाण्यात उतरायचं ते पायरी-पायरीनं

महिनाभराच्या सरावानंतर मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारायचा. फक्त एक, घरून लिहून आणलेला, आणि पहिल्या पाच-दहा मिनिटांत. जेवढा उशीर कराल तेवढा घसा कोरडा पडतो. दोन आठवड्यांनी स्वतःच्या कामाचे दोन आकडे स्वतः सांगायचे. मग एक छोटा कॉल स्वतः घ्यायचा. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत म्हणून ते अवघड, पण समोर कागद ठेवता येतो हा फायदा. मी तर वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून मॉनिटरला चिकटवायचो.

जोडीदार मिळाला तर उत्तम. दोघांनी जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं इंग्रजीतच बोलायचं. नियम एकच: समोरचा बोलताना चूक काढायची नाही. शेवटी फार तर तीन चुका सांगायच्या. जो मित्र मध्येच "अरे, डिड नंतर गो येतं" म्हणून टोकतो, त्याच्याशी मैत्री ठेवा, सराव दुसऱ्याशी करा.

टोस्टमास्टर्सबद्दल बरेच जण विचारतात. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू केलेली ही संस्था. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर या शहरांत तिचे क्लब आहेत, आणि पाहुणा म्हणून जाऊन बघता येतं. तयारी करून दिलेलं भाषण सहसा पाच ते सात मिनिटांचं, आणि आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायचं. एक जण तर फक्त तुम्ही किती वेळा "अ..." केलंत ते मोजायला बसलेला असतो! धाक बसतो, पण बरा. मात्र अगदीच वाक्य जुळत नसताना लगेच जाऊ नका, दोन-तीन महिन्यांचा सराव करून जा.

क्लास लावायचा असेल तर "३० दिवसांत फाडफाड" ची पाटी वाचायची सोडून एकच हिशेब विचारा: तासाला मी स्वतः किती मिनिटं बोलणार? एक तास आणि चाळीस मुलं, म्हणजे सर एक शब्दही न बोलता तुमच्या वाट्याला दीड मिनिट. त्यापेक्षा भिंत परवडली.

मुलाखत आणि अप्रेझल

"मायसेल्फ अमुक अमुक" सोडा, "आय ॲम अमुक" म्हणा. वडील काय करतात, भावंडं किती, हे विचारल्याशिवाय नको. नव्वद सेकंदांत तीन गोष्टी: आत्ता काय करतो, आजवर केलेलं एक ठोस काम, या जागेत रस का.

ते ठोस काम गोष्टीसारखं सांगा: अडचण काय होती, मी काय केलं, फरक काय पडला. यात "मी" महत्त्वाचा. आपल्याला "आम्ही केलं" म्हणायची सवय, त्यात विनय असतो. मुलाखत घेणाऱ्याला मात्र तुमचा वाटा कळत नाही. माझं वाक्य असं होतं: "द रिजेक्शन वॉज हाय ऑन वन मशीन. आय चेक्ड द टूल चेंज रेकॉर्ड्स. द टूल वॉज रनिंग टू लाँग. वी चेंज्ड द फ्रीक्वेन्सी, अँड द रिजेक्शन केम डाऊन." चार साधी वाक्यं, पुढे तुमचे आकडे जोडायचे. असे चार प्रसंग घोटून ठेवले की मुलाखतीतले बरेचसे प्रश्न त्यांतच बसतात.

दर महिन्याच्या एक तारखेला दोन मिनिटांचं नवं रेकॉर्डिंग करा. तिसऱ्या महिन्यात पहिलं उघडून ऐका, त्याआधी नाही. मध्ये दोन-तीन आठवडे सगळं ठप्प झाल्यासारखं वाटेल. माझं सहाव्या महिन्यात झालं होतं. तेव्हा विषय बदलला, सराव तोच ठेवला.

आणि वाक्याच्या मध्येच अडलात तर

तीन वाटा आहेत. पहिली, परत सुरुवात: "लेट मी से इट अगेन," आणि आधीपेक्षा छोटं वाक्य. दुसरी, शब्द आठवत नसेल तर त्याचं काम सांगायचं. डीबरिंग आठवलं नाही तर "वी रिमूव्ह द शार्प एजेस". तिसरी मी एका जपानी ऑडिटरकडून शिकलो. प्लेटिंगच्या (पीसवर चढवलेल्या धातूच्या थराच्या) जाडीबद्दल विचारताना तो स्वतःच अडला. दोनदा प्रयत्न केला, हसला, खिशातून पेन काढून माझ्या चेकशीटच्या मागे बोअरचं चित्र काढलं. आतल्या बाजूला एक गोल रेघ मारली, शेजारी २५.०४ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. मग पेन माझ्यासमोर धरलं. मी बाहेरचा गोल गिरवला आणि म्हणालो, "दिस इज बिफोर प्लेटिंग. आफ्टर प्लेटिंग, इट बिकम्स स्मॉलर." तो म्हणाला, "आह. हाऊ मच?"

आकडा मी अंक सुटे करून सांगितला.